हवेचं वजन

सुखरामला एक गोष्ट शिकवायची भारी हौस होती: धुरात सापडलं तर काय करायचं. तरुणपणी त्यानं बालाघाटच्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली काम केलं होतं. सुरुंग उडाला की बोगदा धुरानं भरायचा आणि वारा उलटा फिरला की तो धूर माणसांच्या अंगावर यायचा. अशा वेळी उभं राहायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. दुपट्टा ओला करून तोंडावर बांधायचा, पोटावर पडायचं आणि नाक मातीला लावून सरपटत निघायचं, कारण धूर वर चढतो आणि चांगली हवा खाली उरते. या एका नियमावर तो आणि त्याच्या बरोबरीचे किती तरी जण जिवंत वर आले होते. नियम त्याच्या अंगात असा मुरला होता की घरात चूल धुमसली तरी तो बायकोला सांगायचा, "खाली बस वं, खाली. धूर वरतं जाते."

"माह्या माहेरी काय चुली नोत्या?" आनंदी म्हणायची. पण बसायची खाली, कारण बसल्यावर डोळे खरंच कमी चुरचुरायचे, आणि नवऱ्याचं म्हणणं खरं निघालं की तिला राग यायचा तो वेगळाच.

गुडघा कामातून गेला तेव्हा खाण सुटली आणि सुखराम लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर मोतीलाल सेठच्या लाखेच्या कारखान्यात लागला. पळसावरची, कुसुमावरची लाख आदिवासी खरवडून आणायचे. ती धुवायची, वितळवायची, तिचे तांबूस पापुद्रे करून पोत्यात भरायचे. या कामात जिवाला धोका म्हणजे हात भाजणं, एवढाच. पण सदुसष्ट साली कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना पांढरी लाख हवीशी झाली, आणि सेठला व्यापाऱ्यांना नाही म्हणायची सवय नव्हती. लाख पांढरी करायला क्लोरीन लागतो. तो माणसाएवढ्या लोखंडी सिलिंडरांत भरून रेल्वेनं आला. सिलिंडरच्या डोक्यावर पितळी चावी, चावीला शिशाची नळी, नळीचं दुसरं टोक सोड्याच्या पाण्याच्या हौदात. चावी हळू फिरवली की पाणी बुडबुडायचं, आणि त्या पाण्यात लाख टाकली की तिचा रंग उडायचा. मजुरांनी त्या वायूला नाव ठेवलं होतं 'पिवळी'. पिवळीबद्दल सेठनं त्यांना जे काही शिक्षण दिलं ते एका वाक्याचं होतं: "ज़ोर से साँस मत लेना." जसं काही श्वास घेणं म्हणजे तंबाखू खाणं, थोडी कमी केली की झालं.

थंडीचे दिवस होते. आनंदी अंगणात बसून तांदूळ पाखडत होती आणि शेजारचा खेमराज धावत आला. खेमराज सुखरामबरोबरच कारखान्यात होता. भित्रेपणात त्याचा हात धरणारा वस्तीत कोणी नव्हता, पालीला पाहूनसुद्धा तो खाटेवर चढायचा. त्यामुळे त्याला धावताना पाहून आनंदीला आधी हसूच आलं. मग तो जवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते, नाक वाहत होतं आणि खोकल्यानं त्याला बोलता येत नव्हतं.

"वयनी, चाला. दवाखान्यात. सुखरामभौले नेलं."

सूप तिथंच टाकून ती निघाली. वाटेत खोकत-खोकत खेमराजनं जे सांगितलं ते असं. सकाळी नवीन सिलिंडर लावला. सुखराम हौदाशी होता, खेमराज दाराच्या अलीकडे पोती रचत होता, बाकीचे चहाला बाहेर गेले होते. नळीचा सांधा चावीपासून निखळला. फुस्स असा आवाज झाला आणि पिवळी बाहेर पडली.

"धुरावानी वर नाई गेली, वयनी. पाण्यावानी सांडली. जमिनीवरून वाहत आली. माह्या घोट्यापर्यंत आली, मंग गुडघ्यापर्यंत. हिरवी-पिवळी, तळ्यातल्या पाण्यावानी. मी कायी इचार नाई केला. पोत्यांवर चढलो अन् खिडकीतून भायेर उडी मारली."

"अन् थे?"

खेमराज थांबला. रस्त्याच्या कडेला झाडाला हात लावून त्यानं खोकला काढला.

"त्याईनं मले आवाज देला, 'खाली पड! खेमराज, पोटावर पड!' अन् सोता पडले. दुपट्टा हौदात बुडवून तोंडाले लावला अन् जमिनीले नाक लावून सरपटत दाराकडे याले लागले. आमाले दिसूनच नाई राह्यले. नुसती पिवळी हालत होती तिथं. दारापाशी हात दिसला तवा चहाले गेलेल्याईनं धरून भायेर ओढलं."

दार लांब नव्हतं. तो उभ्यानं चालत आला असता तरी बाहेर पडला असता. ज्या नियमानं त्याला खाणीत जगवलं होतं, त्याच नियमानं तो त्या पिवळ्या पाण्याच्या तळाशी जाऊन पोहोचला होता.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, जबलपूरकडचा, हिंदी बोलणारा, आणि फार माणसं पाहून कंटाळलेला नव्हता. त्यानं खेमराजचं सगळं ऐकून घेतलं, मग आनंदीकडे वळून समजावलं, "बाई, यह गैस हवा से भारी है. नीचे बैठती है. खदान का धुआँ ऊपर जाता है, यह नहीं जाती. उसको कैसे मालूम होता? गीला कपड़ा था, इसलिए इतना भी बचा."

आनंदीच्या डोक्यात तेवढा एकच शब्द राहिला. भारी. हवेला वजन असतं, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तिनं नकळत हाताचा तळवा उताणा धरला आणि पाहिलं. तळव्यावर काहीच नव्हतं. पण असेल, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आपण जन्मभर कशात तरी बुडून चाललो आहोत आणि आपल्याला पत्ता नाही.

दुपारपर्यंत सुखराम बराच शुद्धीवर आला. आवाज घोगरा झाला होता, डोळे सुजले होते, पण तो उठून बसला आणि म्हणाला, "चाय भेटल काय?"

"टंकीभर हवा प्याले तरी पोट नाई भरलं?" आनंदी म्हणाली. रडू येऊ नये म्हणून ती असं बोलायची, आणि त्याला ते माहीत होतं. तो हसायला गेला आणि खोकला. तिनं चहा आणला, त्यानं अर्धा घेतला. तिला वाटलं, सुटलो. खेमराजलाही तसंच वाटलं, आणि तो पायरीवर बसून आपण खिडकीतून उडी कशी मारली ते आल्यागेल्याला सांगू लागला. डॉक्टर मात्र दोनदा येऊन छाती ऐकून गेला.

दिवे लागायच्या वेळेला श्वास बिघडायला लागला. आधी तो बोलायचा थांबला. मग त्याला पडवेना. गुडघ्यांवर हात रोवून, मान पुढं काढून तो बसला, आणि प्रत्येक श्वासाला त्याचे खांदे वर जायला लागले. ओठांच्या कोपऱ्यात फेस दिसला. तिनं पदरानं पुसला, तो पुन्हा आला, आणि पदराला गुलाबी डाग पडला. ओठ जांभळे झाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. त्याचं चालणं, खाणं, रागावणं, घोरणं, सगळं तिला पाठ होतं. श्वास तिनं कधी पाहिला नव्हता. कोण पाहतं? आता तिला दुसरं काहीच दिसत नव्हतं. एक श्वास आत जायला माणसाला किती काम करावं लागतं! मान ओढते, गळ्याची खळगी आत जाते, बरगड्या फाकतात, पोट उलटं खेचलं जातं, आणि एवढं करून आत जातं ते चिमूटभर. आणि ते चिमूटभर मिळालं म्हणून थांबता येत नाही, लगेच दुसरं. हे काम हा माणूस झोपेतसुद्धा करत होता, खाणीत करत होता, तिच्याशी भांडताना करत होता, आणि त्यानं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. ती स्वतःही करत होती. वॉर्डातला प्रत्येक जण करत होता. ती थक्क होऊन बघत राहिली. भीती तर होतीच, पण त्या भीतीपेक्षाही ते थक्क होणं मोठं होतं.

डॉक्टरनं आत येऊन एकदा पाहिलं आणि ओरडून काही मागवलं. मग फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज आला.

वॉर्डबॉय एक सिलिंडर तिरका धरून, बुडावर गरागरा फिरवत आणत होता. माणसाएवढा, लोखंडाचा, डोक्यावर पितळी चावी, चावीला नळी.

आनंदी उठली आणि खाटेच्या आडवी उभी राहिली.

"हे नोका आणू."

वॉर्डबॉयला कळलं नाही. तो पुढं आला. तिनं दोन्ही हातांनी सिलिंडर ढकलून थोपवला. "नोका आणू म्हणतो ना! यानंच त्याईची छाती जाळली. दिवसभर पाहून राह्यले तुमी, अन् आता परत थेच लावता?"

डॉक्टर भडकला. "हटो! यह ऑक्सीजन है. देर मत करो, मर जाएगा वह."

नाव कळून तिला काय उपयोग? सकाळच्या सिलिंडरलाही नाव होतंच. खेमराज दारातून म्हणाला, "वयनी, आपली टंकी पिवळी होती, हे काळी हाय."

"रंगाचं काय सांगता भाऊजी? रंग कोणी बी लावते."

ती हटेना. सिस्टरनं तिचा दंड धरला, डॉक्टरनं दुसरा. ती भात लावणारी बाई होती, दोघांना भारी पडली. आणि मागे खाटेवर सुखरामचे खांदे वर जात होते, खाली येत होते, आणि आता त्यांच्यात मोठा खंड पडायला लागला होता. तो खंड तिनं ऐकला. वळून पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, पण ओळखून बघत होता की नाही ते सांगता आलं नसतं. आपण त्याला वाचवतो आहोत की मारतो आहोत, हे तिला खरंच कळेना. असं न कळणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

आता सासरी गेलेली मुलगी लहान असताना तिला पेज भरवण्याआधी आनंदी प्रत्येक घोट स्वतःच्या ओठाला लावून बघायची. सासूनं शिकवलं होतं, आणि सगळ्याच बायका तसं करतात. तिचा हात आपोआप पुढं गेला.

"आणा इकडे. मी घेईन पयले."

डॉक्टर काही बोलणार होता. पण सिस्टर वयानं मोठी होती, केरळची होती, आणि बायकांशी वाद घालण्यात किती वेळ जातो हे तिला डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं. तिनं चावी फिरवली आणि रबरी मास्क आनंदीच्या तोंडावर धरला.

आनंदीनं डोळे मिटले. जळायची वाट पाहिली. खेमराजसारखे डोळे लाल व्हायची, घसा आवळायची वाट पाहिली. मग श्वास ओढला. पोटातून, जेवढा ओढता येईल तेवढा.

काहीच झालं नाही. वास नाही, चव नाही. माठाच्या तोंडाशी नाक नेल्यावर लागतो तेवढा गारवा, बस. मारायचं असतं तर काही तरी लागलं असतं. तिनं मास्क स्वतःच्या हातानं काढला, वळली आणि सुखरामच्या तोंडावर दाबून धरला.

"घ्या," ती म्हणाली. "हे चांगलं हाय. म्या घेऊन पाह्यलं. घ्या."

त्यानं घेतलं.

लगेच काही झालं नाही. गोष्टीत होतं तसं खऱ्यात होत नाही. सिस्टरनं सुया टोचल्या, डॉक्टर कितीतरी वेळ मनगट धरून उभा होता. पण आनंदी ओठांकडे बघत होती, आणि तिनं ते होताना पाहिलं. जांभळा रंग कडेपासून फिकट होत गेला. मग राखाडी झाला. मग, तिला खात्री वाटेना म्हणून तिनं खेमराजला जवळ बोलावून दाखवलं, थोडासा लाल.

"डॉक्टरसाहेब, याच्यात हाय काय?" तिनं विचारलं.

डॉक्टर थकला होता, आणि त्याचा राग उतरला होता. "वही जो बाहर है, बाई. यही हवा जो तुम-हम ले रहे हैं, उसी में से. बस, ज़्यादा है."

ती खिडकीकडे बघत राहिली. बाहेर चिंचेचं झाड होतं, त्याच्यापलीकडे रस्ता, रस्त्यावर सायकली. एवढं सगळं त्यानं भरलेलं होतं, काठोकाठ, आणि कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

दवाखान्यात तो सिलिंडर एकच होता. दुसरा गोंदियाहून आणायचा होता. सेठची गाडी त्या दिवशी नेमकी नादुरुस्त होती, सेठांच्या गाड्या अशा वेळी असतातच. मग पहाटेच्या छोट्या रेल्वेनं खेमराज गेला. पालीला भिणारा खेमराज गार्डाच्या डब्यात त्या सिलिंडरला मिठी मारून परत आला. गाडी हलली की सिलिंडर गडगडेल, आणि गडगडला की फुटेल, अशी त्याची खात्री होती, म्हणून सबंध वाटभर त्यानं त्याला सोडलं नाही. बालाघाटला उतरला तेव्हा त्याचे हात आखडून गेले होते आणि दोन जणांना ते उलगडावे लागले. यानंतर वस्तीत त्याला भित्रा म्हणायचं बंद झालं. तो स्वतःच म्हणायचा, पण इतरांनी म्हटलेलं आनंदीला खपायचं नाही.

सुखराम वाचला. ज्या दिवशी मास्क पूर्ण काढला, त्या दिवशी डॉक्टरनं आनंदीच्या कानात स्वतःच्या नळ्या घातल्या आणि दुसरं टोक सुखरामच्या पाठीला लावलं. "सुनो. तुमने बहुत तंग किया है, अब सुन भी लो."

तिनं ऐकलं. आत कोणी तरी तांदूळ पाखडत होतं. बारीक, कोरडा, थांबत-थांबत येणारा आवाज. तिला वाटलं होतं की माणसाच्या आत अंधार असेल आणि शांत असेल. तिनं नळी स्वतःच्या छातीला लावून पाहिली. तिथं तसा आवाज नव्हता, तिथं नुसता वारा आत येत होता आणि बाहेर जात होता. तेव्हा तिला कळलं की काय वाचलं आणि काय गेलं.

"जितनी साँस बची है, उसी में चलाना पड़ेगा," डॉक्टर म्हणाला. "फेफड़े पहले जैसे नहीं होंगे."

सेठ संत्री घेऊन भेटायला आला आणि सुखराम कामावर कधी येणार, असं त्यानं गोड बोलून विचारलं. आनंदीनं संत्री ठेवून घेतली. "लाख पांढरी पाह्यजे होती ना सेठ," ती म्हणाली, "माणूस बी पांढरा करून देला तुमी. आता दोन्ही घरी नेऊन ठेवा." सेठ परत आला नाही. सिलिंडर मात्र त्यानं कारखान्याबाहेर, उघड्यावर मांडवाखाली हलवले, हेही सांगायला हवं.

घरी आल्यावर सुखराम विहिरीपर्यंत जायचा आणि बसायचा. बसून श्वास गोळा करायचा, मग परत यायचा. एवढ्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. गुडघा गेला तेव्हाच कमी चालायची सवय झाली होती. त्याला लागलं होतं ते दुसरंच, आणि ते कळायला आनंदीला रविवार उजाडावा लागला.

रविवारी वस्तीत वंदना असायची. स्टेशनापलीकडची ती सगळी वस्ती छप्पन सालापासून बौद्ध होती. नागपूरला जे गेले होते त्यांत सुखराम होता, आणि येताना तो वंदना तोंडपाठ करून आला होता. पिंपळाच्या पारावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडायची, मेणबत्त्या लावायच्या, सुखरामनं एक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती मागून म्हणायची, असं अकरा वर्षं चाललं होतं. वंदनेची पाली भाषा कोणालाच येत नव्हती, सुखरामलाही नाही. म्हणून पहिल्याच दिवशी त्यानं ताकीद दिली होती, "मी म्हणतो तसंच म्हणा. आपल्या मनचं कायी घालू नोका." आणि वस्तीनं ती ताकीद इतकी पाळली की सुखरामचा पुढचा दात पडलेला असल्यानं त्याचा 'स' शिट्टीसारखा निघायचा, तर बत्तीसच्या बत्तीस दात असलेले लोकही तिथं शिट्टी घालायचे. कोणी हसत नव्हतं. वंदना तशीच असते, असं त्यांना वाटत होतं.

सुखरामचा दम खाणकामगाराचा होता. सबंध ओळ तो एका श्वासात म्हणायचा, आणि शेवटचं अक्षर पारावरून निघून पार रुळांपर्यंत जायचं. आता त्याला अर्धी ओळही पुरत नव्हती. त्यानं घरी, भिंतीकडे तोंड करून, करून पाहिलं होतं. आनंदीनं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"खेमराजले सांगजो, त्यानं म्हणावं," तो म्हणाला. "मले नाई जमत. तुटलेली वंदना म्हणू काय लोकाईपुढं?"

खेमराजनं म्हटली. घाबरून इतकी भरभर म्हटली की लोकांना मागून पळावं लागलं. काही रविवार असे गेले. सुखराम घरात पडून ऐकायचा, आणि वंदना संपली की कूस बदलायचा. आनंदीला वाटायचं, मास्क धरून मी याला आणला खरा, पण सगळा नाही आणला.

वैशाखी पौर्णिमा आली. किरनापूरहून, लामत्याहून पाहुणे आले होते, पार भरून रस्त्यापर्यंत माणसं बसली होती. शेवंताबाई ही वस्तीतली सगळ्यात म्हातारी. खेमराज पुढं आला तशी ती म्हणाली, "तू बस. तुह्या मांगं म्हणता-म्हणता मी मरून जाईन. सुखरामले आणा."

आणायला आनंदी गेली. तो नाही म्हणाला. ती म्हणाली, "तुमाले टंकी लावली तवा म्या पयले घेतलं, मंग तुमाले देलं. आता एवढं माह्यं ऐका." हे बोलणं बरोबर नव्हतं, उपकार असे काढू नयेत. पण तो उठला.

पारावर बसून त्यानं आधी श्वास गोळा केला. सगळे थांबले. मग त्यानं पहिली ओळ धरली. आवाज घोगरा होता, पण शिट्टी तीच होती. दोन शब्द झाले आणि तिसऱ्याच्या मध्यावर दम संपला. शब्द तुटला. सुखरामनं तोंड उघडून हवा ओढली, घर्र असा आवाज झाला, पारावर सगळ्यांना ऐकू गेला, आणि मग त्यानं उरलेली ओळ पुरी केली. त्याची मान खाली गेली होती. आनंदीनं पदर मुठीत आवळला.

आता लोकांची पाळी. सगळ्यांनी ओळ धरली. दोन शब्द म्हटले. तिसरा शब्द मध्यावर तोडला. आणि घर्र अशी हवा आत ओढली.

आनंदीचं रक्त तापलं. चेष्टा करतात! तिनं खेमराजकडे पाहिलं. खेमराजचे डोळे मिटलेले होते आणि हात जोडलेले. तिनं शेवंताबाईकडे पाहिलं. म्हातारीनं बोळकं उघडून, छाती फुगवून, मन लावून श्वास घेतला होता आणि आता ती उरलेला शब्द पुरा करत होती. लहान-मोठे, बाया-माणसं, पाहुणेसुद्धा. कोणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. सुखरामनं जसं म्हटलं तसं त्यांनी म्हटलं होतं. आपल्या मनचं काही घातलं नव्हतं, आणि काही गाळलंही नव्हतं.

सुखरामनं मान वर केली.

दुसरी ओळ त्यानं म्हटली. दम तुटला तिथं तो या वेळी घाबरला नाही. थांबला, ओढला, पुढं गेला. आणि मागून पुन्हा तो आवाज आला, सगळ्या वस्तीनं एका वेळी श्वास आत घेतल्याचा. आनंदीनं तो आपल्या आयुष्यात कधी ऐकला नव्हता, आणि कोणी ऐकला असेल असंही तिला वाटेना. पिंपळाची पानं हलली नाहीत, पण तिला वाटलं की एवढी हवा एकदम आत गेली तर हलायला हवी होती. तिच्याही छातीत तो श्वास गेला. गच्च, जड, गार. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं, कारण सगळ्यांची तोंडं सुखरामकडं होती. शेवटची ओळ होईपर्यंत ती त्यांच्याबरोबर तुटत राहिली आणि जोडत राहिली.

परत येताना तो दोनदा बसला. दुसऱ्यांदा विहिरीच्या काठावर. तीही शेजारी बसली. बराच वेळ तो नुसताच श्वास घेत राहिला आणि तिनं घाई केली नाही.

"आनंदे," तो म्हणाला, "खाणीत होतो तवा बी मले एवढा मोठा श्वास कधी आला नोता."